पंगतीतला इतिहास

पोळ्याच्या संध्याकाळी बैल मिरवून आले, दाराशी त्यांच्या खुरांवर पाणी पडलं, पुरणाचा घास त्यांच्या तोंडात गेला, की माणसांनी पानावर बसावं, अशी जगाची रीत. टाकळीच्या गावंड्यांची तऱ्हाच निराळी. त्यांच्याकडे आधी इतिहास वाचला जायचा आणि मग पुरणपोळी. पोरं भुकेनं कळवळायची, आतून तुपाचा वास यायचा, पण बुवा, म्हणजे केशवरावांचे वडील, काही घाई करायचे नाहीत. ते देवळीतलं लाल कापडी बांधणीचं पुस्तक काढायचे, चष्मा धोतराच्या सोग्याला पुसायचे आणि ते पान उघडायचे. खुणेची गरजच नव्हती. वाचून वाचून ते पान इतकं सैल झालं होतं की पुस्तक तिथंच उघडायचं.

"टाकळीचे पुंजाराम गावंडे यांनी मूठभर गड्यांनिशी गढीचा दरवाजा पहाटेपावेतो रोखून धरिला. पेंढारी हात चोळीत परत जाते. परंतु नत्थुजी खारोडे या घरभेद्याने आतून अडसर काढिला, आणि त्या शूर पुरुषाने दरवाज्यातच देह ठेविला."

देह ठेविला म्हणताना बुवांचा आवाज दर वर्षी भरून यायचा. पुंजाराम म्हणजे बुवांचे आजोबा, केशवचे पणजोबा. लहानग्या केशवच्या अंगावर काटा यायचा, आणि खारोडे हे नाव ऐकलं की मुठी वळायच्या. ते पुस्तक एलिचपूरच्या एका वकीलसाहेबांनी लिहिलं होतं. वऱ्हाड अजून मध्यप्रांताला जोडला गेला नव्हता, तेव्हाची गोष्ट. वकीलसाहेब मूळचे पुण्याकडचे, शिकलेले, छापील माणूस. छापलेलं खोटं कसं असेल?

बुवा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली होती. केशवराव अमरावतीच्या शाळेत इतिहास शिकवून पेन्शनीत निघाले होते. अंबादेवीच्या अलीकडे त्यांचं लहानसं घर होतं. टाकळीचं शेत बटाईनं दिलेलं, दारात बैल नाहीत, पाटावर मातीची जोडी. पण पान वाचणं सुटलं नाही. वाचायला लागले की स्वतःच्याच आवाजात त्यांना बुवा ऐकू यायचे. ती ओसरी, कडब्याचा वास, गोठ्यातून येणारी घागरमाळांची रुणझुण, सगळं भोवती गोळा व्हायचं. खरं सांगायचं तर त्या पानासाठी ते वाचत नव्हतेच, त्या ओसरीवर जाऊन बसण्यासाठी वाचत होते.

अशा या घरात त्या हिवाळ्यात खुशालराव सोयरीक घेऊन आले. खुशालराव म्हणजे केशवराव मास्तरांचे साळे, त्यांच्या बायकोचे, मैनाबाईंचे, सख्खे भाऊ. गडी मोठा बोलका. आल्याआल्या पानाचा डबा पुढ्यात ओढला आणि सुरू झाले.

"भाऊजी, मोर्शीचं घर हाय. संत्र्याचे बगीचे हायेत. पोट्टा नागपूरच्या शेतकी कालेजात शिकला, पन नोकरीच्या मागं नाई लागला, बगीचाच पाह्यतो. शालिकराम नाव. बडनेऱ्याच्या लग्नात त्यानं आपली शकुन पाह्यली. घरातल्याईले बी पसंत हाय."

"आडनाव काय?"

खुशालरावांनी सुपारी कातरायला घेतली. कातरून झाली, तोंडात टाकून झाली, तरी उत्तर नाही.

"खुशालराव, आडनाव इचारलं मी."

"खारोडे. मूळचे टाकळीचेच."

मास्तरांचा आवाज कधी चढत नसे, तो त्या दिवशी चढला. "नत्थुजीच्या घरात माही पोरगी? तुमाले सांगताना काही वाटलं नाई का?"

आतून मैनाबाई आल्या. "अजी, आधी दोन सोयरिकी पोरीच्या उंचीवरून फिसकटल्या. आता चांगलं घर चालून आलं तं तुमी शंभर वर्सांपयलेचे पेंढारी काहून उकरून राहिले?" त्या तिथंच कपाळाला हात लावून बसल्या. शकुन चहाच्या कपबशा उचलायला आली होती. मॅट्रिक झालेली, विसाव्या वर्षाची, उंच, बापाच्याच नाकाची पोर. तिनं हे स्थळ मनानं घेतलं होतं, हे आजीला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, फक्त मास्तरांनाच ठाऊक नव्हतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "वकीलसाहेबांनी ते पाहिलं होतं का?"

"तवा त्यांचा जलम बी नसन झाला."

"मग त्यांना कोणी सांगितलं?"

एवढं बोलून ती कपबशा घेऊन आत गेली. सारी उमर मास्तरांनी पोरांकडून हेच तर घोकून घेतलं होतं. कोणी सांगितलं? त्यानं डोळ्यांनी पाहिलं का? आणि सांगण्यात त्याचा फायदा काय? वर्गातली ढ पोरंही पाढ्यासारखं म्हणायची. शकुन तर ते ऐकतच वाढली होती. आणि आपण मात्र दर पोळ्याला त्या पानापुढं हात जोडून बसलो, एकदाही विचारलं नाही. मास्तरांना स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक काढलं आणि उभ्या जन्मात वाचली नव्हती ती प्रस्तावना वाचली. प्रस्तावना कोण वाचतो म्हणा! आपल्या घराचं पान सोडून त्या पुस्तकातलं दुसरं काहीच गावंड्यांनी कधी वाचलं नव्हतं. तिसऱ्या परिच्छेदात वकीलसाहेबांनी मोठ्या अभिमानानं लिहिलं होतं: "गावोगाव हिंडणे कामामुळे शक्य नसल्याने लग्नसराईत ठिकठिकाणच्या पंगतींस हजर राहिलो, व तेथे जमलेल्या थोर मंडळींच्या तोंडून त्यांच्या घराण्यांचा वृत्तांत जसाच्या तसा उतरून घेतला."

मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि डोकं धरलं.

आता हे पुणेकराला कळणार नाही, पण वऱ्हाडातलं शेंबडं पोरही सांगेल, लग्नाच्या पंगतीत आपल्याकडे खरं कोण बोलतो? तिथं शेजारच्या पानावर बसलेला माणूस आज ना उद्या सोयरा होणार असतो. तिथं ओलिताचं एक वावर चार होतं, घरची म्हातारी घोडी अरबी होते, आणि तुरुंगात जाऊन आलेला काका काशीला जाऊन आलेला असतो. ऐकणाराही मान डोलावतो आणि मनातल्या मनात रुपयातले बारा आणे कापून ठेवतो. उद्या त्यालाही तसंच बोलायचं असतं. यात कोणी कोणाला फसवत नाही, कारण सगळ्यांनाच हिशेब माहीत असतो. वकीलसाहेबांना तेवढा माहीत नव्हता. त्यांनी रुपयाचा रुपया धरला आणि छापून मोकळे झाले.

गोदाबाई, मास्तरांची आई, अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. नजर अधू झालेली, पण हात चालू. मास्तर शेजारी उकिडवे बसले आणि त्यांनीही मूठभर शेंगा घेतल्या.

"माय, तुह्या माहेरच्या एखाद्या लग्नात एलिचपूरचे वकीलसाहेब आले होते का?"

"आले होते ना. माह्या चुलतभावाच्या लग्नात. माह्या मामाचा खटला होता त्याईच्याकडं. पंगतीत बसले तं एका हातानं जेवत अन् दुसऱ्या हातानं लिवत. आमी पोरी लय हासलो."

"त्या पंगतीत माहा आजा होता?"

गोदाबाईचे हात थांबले. तिनं लेकाकडं पाहिलं आणि पुन्हा शेंग उचलली. "म्हंजे तुले समजलं. मले पयले खारोड्याच्या घरी देल्ली होती. सुपारी फुटली होती. पन माह्या बापाचं वावर टाकळीच्या शिवेले लागून, त्याच्यावर तुह्या आज्याचा डोळा. त्यानं भर पंगतीत उभं राहून ही गोठ सांगतली, नत्थुजीनं अडसर काढला म्हणून. माह्या बापानं भरलं पान सोडलं. सुपारी वापस गेली. मंग मी आली तुमच्या घरी."

मास्तर हातातली शेंग नुसती चुरगळत राहिले. "मले कवा सांगतलं नाई तू."

"तू कवा इचारलं? तुमी भाईर वाचत होते तवा मी चुलीपाशी पोळ्या लाटत होती."

"म्हंजे पुंजाराम गढीच्या दरवाज्यात…"

"अरे, तुहा आजा नाई म्हने का, पेंढाऱ्याच्या वक्ती मी मांडीवरचा होतो? मंग त्याचे दोन लहाने भाऊ कोठून आले? दरवाज्यानं जलमाले घातले?"

बाप रे बाप! त्या दोन भावांचे नातू आजही टाकळीत नांदत होते. मास्तर त्यांच्याकडे हुरडा खायला जायचे, त्यांच्या लग्नांत आहेर करायचे. आयुष्यभर पोरांना सनावळ्या शिकवल्या आणि घरातली ही साधी बेरीज कधी मांडली नाही. "मंग माय, खरं काय झालं होतं?"

"मले काय माहीत बापा! मी का तिथी होती?" गोदाबाईनं सूप झटकलं.

त्यानंतरचे काही दिवस मास्तरांना अन्न गोड लागेना. सोपी वाट समोर होती. नत्थुजीचं तेवढं खोटं म्हणावं, पुंजारामाचं खरं ठेवावं. मोडीतलं पितळ द्यावं आणि तांबं राखावं, तसं. खुशालरावांनी तर तसं सुचवलंही. पण मास्तरांचं मन घेईना. एकाच तोंडानं, एकाच पंगतीत, एकाच मतलबानं सांगितलेली गोष्ट. तिची अर्धी भाकर खरी आणि अर्धी खोटी कशी म्हणणार? शकुनला त्या घरी द्यायची तर तिच्या सासरच्यांवरचा डाग पुसायला हवा होता, आणि तो पुसताना आपल्या पणजोबाचा सगळा मान त्याच फडक्याला लागून जाणार होता. बुवांचा भरून आलेला आवाज आठवला की मास्तर उचललेला घास परत ताटात ठेवायचे. त्या माणसानं एका थापेसाठी डोळे पुसले होते. आणि नाही म्हणावं, तर शकुन काही बोलणार नव्हती, हेच सगळ्यात वाईट होतं. ती मुकाट्यानं कपबशा विसळत राहिली असती.

शेवटी संक्रांत आटोपली आणि मास्तर खुशालरावांना घेऊन मोर्शीच्या मोटारीत बसले. वाटभर धूळ, आणि मोर्शी जवळ आली तशी दोन्ही अंगांना संत्र्यांनी लगडलेली झाडं. खुशालराव सारखे बजावत होते, "भाऊजी, तिथी मी बोलतो. तुमी फक्त मान हालवजा."

शालिकरामचे आजोबा सूर्यभानजी खारोडे बंगईवर झोके घेत बसले होते. थोराड हाडाचा म्हातारा, पांढऱ्या मिशा, आवाज खणखणीत. नातवानं पाया पडून संत्र्यांची टोपली पुढं ठेवली आणि तो आत गेला. मास्तरांना पोरगा बघताक्षणी आवडला, आणि त्यामुळं जे बोलायला आले होते ते आणखीच जड झालं.

खुशालरावांनी चहाचा घोट घेतला आणि रीतीप्रमाणे उघडलं. "तर आमचे मास्तर म्हंजे साधी असामी नाई बरं का. टाकळीत याईचं वावर म्हंजे नजर पोचत नाई…"

"खुशालराव, थांबा," मास्तर म्हणाले. "सूर्यभानजी, नजर चांगली पोचते. दोन वावरं हायेत, बटाईनं देल्ली. मी दुसरंच सांगाले आलो. त्या इतिहासात तुमच्या नत्थुजीबद्दल जे छापलं हाय, ते खोटं हाय. माह्या आज्यानं एक सोयरीक मोडाले ते पंगतीत सांगतलं होतं. अन् आमच्या पुंजारामाबद्दल छापलं ते बी खोटं. तो दरवाज्यात मेला नाई."

सोयरिकीच्या बैठकीत असलं बोलणं त्या घरानं कशाला, उभ्या तालुक्यानं ऐकलं नसेल. खुशालरावांनी डोळे मिटून घेतले. सूर्यभानजींनी कपबशी बाजूला सारली. मग म्हणाले, "मास्तर, वाईट नोको वाटून घेऊ. आमच्या घरी तं अशी गोठ हाय का अडसर तुमच्या पुंजारामानंच काढला. दर दसऱ्याले सोनं वाटाच्या पयले सांगतो आमी पोराईले."

मास्तरांची कानशिलं तापली. शूरपणा सोडायची तयारी करून ते आले होते, पण हे म्हणजे फारच झालं. हात टोपीकडं गेला. उठून चालू पडावं असं मनात आलं. पण तीस वर्षांची सवय ऐन वेळी कामाला आली, आणि त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "कोणी सांगतलं तुमाले?"

"माह्या बापानं."

"कवा?"

"कवा म्हंजे…" म्हातारा आठवू लागला. "माह्या मोठ्या भावाची सुपारी वापस आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. बाप सारं घर डोक्यावर घेऊन बोलत होता."

"त्याच्या पयले कोणाच्या तोंडून काही ऐकलं होतं? राग येयाच्या पयले?"

सूर्यभानजींनी पाय टेकून बंगई थांबवली. बोलले तेव्हा आवाजातला खणखणाट गेला होता. "आजी सांगे. नत्थुजीची बायको. मी आठनऊ वर्साचा असन. ते त्या दिवशी तिथी होती ना. ते म्हने, कोणाची लढाई अन् कोणाचा दरवाजा! पेंढारी येऊन राहिले असं समजलं तं पुंजाराम अन् नत्थुजी घरोघर गेले अन् सारा गाव ज्वारीत काढला. नाल्याच्या अंगाले ज्वारी पुरुषभर उंच होती. पोरं रडाले नोको म्हणून त्याईच्या तोंडात गूळ देल्ला. अंधारात ज्याच्या हाताले जे पोर लागलं ते त्यानं खांद्यावर घेतलं. सकाळी पाह्यलं तवा समजलं, कोणाचं पोर कोणाच्या खांद्यावर होतं ते. घरं जळाली, मानूस एक बी मेलं नाई. सकाळी नाल्याकाठी चुली मांडल्या." मग त्यांनी एकदम विचारलं, "मास्तर, टाकळीत अजून दिवाळीच्या मांगून गावाभाईर चुली पेटतात का?"

मास्तर टोपी हातात धरून तसेच बसले. पेटतात की! दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी टाकळीच्या घरात चूल पेटत नाही. सगळा गाव तव्या-परातींसकट नाल्याकाठी. त्या दिवशी देवी गावातून फिरते म्हणून घरात थांबायचं नाही, असं म्हातारी माणसं सांगत. ज्वारीच्या कडेकडेनं चालायचं, मोठ्यानं बोलायचं नाही, आणि निघताना आई प्रत्येक पोराच्या तोंडात गुळाचा खडा कोंबायची. केवढी मजा वाटायची! ओल्या गवताचा वास, धुरानं भरलेले डोळे, आणि तोंडात गूळ असल्यामुळं दबून दबून फुटणारं हसू. मास्तरांच्या लहानपणातला सगळ्यात गोड दिवस तो होता. त्या दिवसाबद्दल कुठल्याही पुस्तकात एक ओळ नव्हती.

"पेटतात," मास्तर म्हणाले. "गूळ बी देतात."

मास्तरांच्या डोक्यात वर्ग भरला होता. कोणी सांगितलं? जी तिथं होती तिनं. कधी? भांडणाच्या आधी. सांगण्यात फायदा कोणाचा? कोणाचाच नाही; दोन्ही घरांचे मूळपुरुष यात चक्क पळाले होते. आणि ज्यानं पंगतीत नत्थुजीला घरभेद्या ठरवलं तो आजा त्या वेळी तान्हा होता, त्या अंधारात कोणाच्या तरी खांद्यावर होता. कदाचित नत्थुजीच्याच. मास्तरांनी हे मोठ्यानं सांगितलं.

"मंग माह्या बापानं गाव काहून सोडलं हो, मास्तर?" सूर्यभानजी म्हणाले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. "लोकं पाठीमागं बोलतात म्हणून वावर इकून इथी आला. मरेपर्यंत टाकळीचं नाव काढलं की जेवन सोडे. मी त्या नाल्याचं पाणी मंग कवाच पेलो नाई."

मास्तर उठले आणि बंगईवर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. व्याह्यानं व्याह्याच्या बंगईवर बसणं रीतीत बसत नाही, पण खुशालराव काही बोलले नाहीत. ते नाक शिंकरत होते. थोड्या वेळानं सूर्यभानजींनी आत हाक मारून साखर मागवली.

मास्तर घरी परतले तेव्हा दिवेलागण होत होती. मैनाबाईंनी त्यांच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं आणि त्या देवापुढं साखर ठेवायला धावल्या. शकुन दाराआड उभी होती. मास्तरांनी तिला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं इचारलं होतं तू." तिनं मान खाली घातली, पण हसू काही तिला दाबता आलं नाही.

मग ते आईपाशी जाऊन बसले आणि तिला सगळं सांगितलं. ज्वारी, गूळ, अंधारातली पोरं, सगळं. गोदाबाई ऐकत राहिली. आपल्याला पहिल्यांदा दिलेल्या घरी आता नात जाणार, हे कळल्यावर तिनं फक्त एकदा विचारलं, "घर चांगलं हाय ना रे?" मास्तरांनी होय म्हटलं. तिनं पदरानं डोळे टिपले.

"एकच वाईट वाटते माय," मास्तर म्हणाले. "बुवा दर वर्सी त्या पानावर रडत. अन् पुंजाराम तं पळाला होता."

"पळाला नसता तं त्या राती पोराले उचललं कोणी असतं?" गोदाबाई म्हणाली. "रडाचंच होतं तं तुह्या बापानं याच्यासाठी रडाचं होतं."